फ्लायव्हील लेथवर हलकं करून घ्यावं का? गाडी एस्टीम, मुक्काम मुंबई

मुलुंडचा_मोटरमन | शुक्र, रात्री १०:२०

घरची २००३ची एस्टीम आहे, बाबांनी हौसेने घेतलेली. पासिंग पुढे करून घेतलंय, ग्रीन टॅक्स भरलाय, पत्रा अजून शाबूत आहे. गाडी विकायची नाही हे आधीच सांगतो. 'नवी घ्या' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

क्लच घसरायला लागलाय, त्यामुळे गिअरबॉक्स उतरणारच आहे. आमचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्स खाली येतोयच, तर फ्लायव्हील साकीनाक्याला लेथवर टाकून दोन किलो उतरवून आणतो. गाडी कशी सुटते बघा." फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकला बसलेली जड चकती, साडेसहा किलोच्या आसपास भरतं म्हणे. मजुरी फार नाही, म्हणून मन डळमळलंय.

याने पॉवर खरंच वाढते का? कंपनीचं बिडाचं (कास्ट आयर्नचं) फ्लायव्हील तासणं सुरक्षित आहे का? असेल तर कुठून आणि किती? रोजचा रस्ता मुलुंड ते अंधेरी, म्हणजे जेव्हीएलआरचं (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिक. सुट्टीत कधी लोणावळा, कधी माळशेज.

परळचा_पोपट | शुक्र, रात्री १०:२६

मी पयला!
दोन किलो ड्रायव्हरच्या पोटावरून उतरवा. बॅलन्सिंगसुद्धा लागत नाही.

अर्धा_क्लच | शुक्र, रात्री ११:०५

एस्टीममध्येच केलंय म्हणून लिहितो. दीडेक किलो उतरवलं होतं, मागच्या बाजूने.

फरक गाडी बाहेर काढतानाच कळतो. न्यूट्रलमध्ये पाय लावला की काटा झपकन वर, काढला की तितक्याच झपकन खाली. खोपोलीहून वर चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला जी मजा येते ती वेगळीच. जरासा ब्लिप (ॲक्सिलरेटरला छोटा झटका) दिला की गिअर लोण्यासारखा बसतो.

आता सोमवार सकाळ घ्या. जोगेश्वरीचा सिग्नल, एसी चालू. कॉम्प्रेसर लागला की आयडल डुचमळायचं आणि गाडी चक्क बंद पडायची. मागचे रिक्षावाले आपल्या खानदानाचा उद्धार करायला तयारच असतात. शेवटी आयडल थोडं चढवून घेतलं तेव्हा थांबलं. पूर्वी क्लच हळूच सोडला की गाडी रेस न देता आपसूक निघायची, ते सुख गेलं. पवईच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय सतत कामाला. ॲव्हरेजमध्ये फरक मला तरी दिसला नाही.

पुन्हा करेन का? घाटासाठी हो, ऑफिससाठी नाही. आणि गाडी एकच आहे.

रेवती_मेक | शनि, सकाळी ७:४०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. पॉवर वाढत नाही. फ्लायव्हील ही साठवण आहे, तिथे काही तयार होत नाही. ५००० आरपीएमला इंजिन जेवढी ताकद देत होतं तेवढीच देणार. फक्त वेग घेताना इंजिनाला चाकांबरोबर फ्लायव्हीललाही गरगरवत न्यावं लागतं, तो वाटा कमी होतो. इनर्शिया डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरच्या यंत्रावर, मोजणी रोलर वेग घेत असतानाच होते, त्यामुळे तिथे आकडा थोडा वाढलेला दिसतो. मग त्याचा प्रिंटआउट गॅरेजच्या भिंतीवर लागतो.

आता फायदा किती ते बघू. कडेजवळून, म्हणजे केंद्रापासून १२ सेंमीवरून, दीड किलो काढलं असं धरा. टायरची त्रिज्या २७ सेंमी. गिअर आणि डिफरन्शिअल मिळून पहिल्याचं गुणोत्तर १४, दुसऱ्याचं ७.८, तिसऱ्याचं ५.२, टॉपचं ३.३ धरते. छोट्या पेट्रोल गाडीत आकडे याच्या आसपासच असतात. काढलेलं जडत्व ०.०२१६ किलो-मीटर वर्ग. त्याला गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचं, टायरच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं.

पहिल्या गिअरमध्ये गाडी ५८ किलोने हलकी झाल्यासारखी वाटेल. दुसऱ्यात १८, तिसऱ्यात ८, टॉपमध्ये ३. म्हणजे सिग्नलवरून सुटताना पाच-सहा टक्के चपळाई, आणि एक्स्प्रेसवेवर टॉपमध्ये ओव्हरटेक करताना जवळजवळ शून्य.

हेच दीड किलो केंद्रापासून ५ सेंमीवरून काढलं तर पहिल्यातला फायदा ५८ वरून १० वर येतो. त्यामुळे "दोन किलो उतरवतो" या वाक्याला अर्थ नाही. कुठून उतरवणार ते विचारा.

परळचा_पोपट | शनि, सकाळी ८:०२

५८ किलो म्हणजे आमचे सासरेबुवा. त्यांना नाक्यावर उतरवलं तर टॉप गिअरमध्येही फायदा आहे.

रेवती_मेक | शनि, सकाळी ८:१०

@परळचा_पोपट, शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक. ब्रेकलाही फायदा.

लेथमास्तर | शनि, सकाळी ११:३०

मोटरमनसाहेब, माझी हयात लेथवर गेली. आता ठाण्यात निवांत आहे, पण असली कामं हातून गेलीत. सविस्तर लिहितो.

बीड दाबाला दगड आहे, ताणाला कच्चं आहे. पोलाद तुटण्याआधी वाकतं, ताणतं, काही ना काही इशारा देतं. बीड फटकन जातं. तुमच्या मेकॅनिकला हे माहीत असेलच. प्रश्न लेथवाल्याने ते लक्षात ठेवून कट मारला का, एवढाच.

जुनं फ्लायव्हील तासायला घेण्याआधी तपासायचं. क्लच बसतो तो फेस साफ करून उन्हात धरा. निळे-जांभळे डाग दिसले तर ते तापलेलं आहे. त्या डागांभोवती केसासारख्या बारीक रेषा असतात, केंद्रातून कडेकडे जाणाऱ्या. डोळ्याला दिसल्या नाहीत तरी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करा: लाल डाय मारायचा, थोडं थांबून पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल दोरा उमटला की ते कास्टिंग भंगारात. त्यात वाटाघाटी नाहीत. बोल्टची भोकं आणि डॉवेल पिनच्या (क्लच जागेवर बसवणाऱ्या खुंट्यांच्या) जागा जास्त निरखून बघा.

तासायचं ते मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडच्या तोंडाने, आणि कडेकडून. क्लचचा फेस फक्त सपाट करण्यापुरता. फेसच्या मागे जाडी राहिली पाहिजे, कारण हाफ क्लचची सगळी उष्णता तीच पिते. पातळ केलात तर फेस लवकर तापतो, द्रोणासारखा वाकतो, मग क्लच थरथरतो. प्रेशर प्लेटचे (क्लच दाबून धरणाऱ्या झाकणाचे) बोल्ट जिथे येतात तिथे हात लावायचा नाही. रिंग गिअर, म्हणजे स्टार्टर ज्याला फिरवतो ते दात्यांचं कडं, बसलेला असतो त्या खांद्याची जाडी कमी करायची नाही, नाहीतर पकड सुटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोपरे. अर्धवट शिकलेला पोऱ्या टोकदार टूल लावून काटकोनात पायरी पाडतो. दिसायला छान, पण तडा तिथूनच सुरू होतो. प्रत्येक आतल्या कोपऱ्याला तीनेक मिमीची तरी गोलाई हवी आणि फिनिश गुळगुळीत हवं. वजन कमी करायला भोकं पाडणारेही आहेत. बिडाच्या फ्लायव्हीलला भोकं पाडणाऱ्याला मी दारात उभा करत नसे.

चकमध्ये कडेने धरून कट मारू नका. मधल्या भोकावर, ज्यावर ते क्रँकला बसतं, त्यावर सेंटर करून डगमग मोजायला डायल गेज लावा. बिडाची चिप निघत नाही, काळी पूड पडते. ती बोटावर घेऊन बघायची. मध्येच पूड खडबडीत झाली किंवा टूल उडायला लागलं तर आत पोकळी आहे किंवा कठीण गाठ आहे. काम तिथेच थांबवायचं.

बोरिवली_फास्ट | शनि, दुपारी १२:१५

मास्तर, आदर आहे, पण उगाच घाबरवताय. कोइमतूरला, चेन्नईला एस्टीमच्या जमान्यापासून लोक स्टॉक फ्लायव्हील तासून रेस करतायत. किती फुटली? माझ्या मित्राच्या झेनमध्ये आहे, मजेत पळते. सगळीकडे 'बिडाचा स्फोट होईल' म्हणायची फॅशन झाली आहे.

लेथमास्तर | शनि, दुपारी १:००

रेसवाले तासतात, खरं आहे. पण ते हंगामात कितीदा तरी इंजिन उघडतात, प्रत्येक वेळी फ्लायव्हील तपासतात, आणि त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर मुलं बसलेली नसतात. तुमच्या मित्राने झेनचं फ्लायव्हील तासल्यानंतर एकदा तरी काढून पाहिलंय का?

रेवती_मेक | शनि, दुपारी २:२५

@बोरिवली_फास्ट, हे गणित तुमच्यासाठी. कडेची त्रिज्या १३ सेंमी धरली तर ६५०० आरपीएमला कडेचा वेग सेकंदाला ८८ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ३२० किमी. वंदे भारत लाजेल. पातळ कड्यात त्यामुळे येणारा ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, साधारण ५६ मेगापास्कल.

एफजी २०० दर्जाच्या बिडाची ताण सोसायची ताकद २०० मेगापास्कल, तीही चांगल्या टेस्ट बारची. म्हणजे साडेतीनपट शिल्लक दिसते, आणि म्हणूनच तुमच्या मित्राची झेन मजेत आहे. पण भोकाच्या किंवा टोकदार कोपऱ्याच्या भोवती ताण दोन-तीन पट होतो. तो झाला दीडशेच्या घरात. त्यात उष्णतेच्या चिरा आल्या की शिल्लक संपली.

ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७५०० ला ५६ चे ७५ होतात. "मी कुठे ७५०० ला नेतो" म्हणू नका. घाटात चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना चुकून पहिला पडला तर रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. तो फक्त पेट्रोल बंद करतो, आणि तेव्हा इंजिनाला चाकं फिरवत असतात.

घाटमाथा | शनि, दुपारी ३:१०

अमेरिकेतला डॉन गार्लिट्स आठवतोय का कुणाला? ड्रॅग रेसिंगचा बादशहा. १९७० मध्ये फ्लायव्हील फुटलं आणि अर्धं पाऊल गेलं.

निवांत_नाना | शनि, दुपारी ३:४०

@घाटमाथा, फ्लायव्हील नव्हे हो, ट्रान्समिशन फुटलं होतं. ८ मार्च १९७०, कॅलिफोर्नियातली लायन्स ड्रॅग स्ट्रिप. तेव्हा ड्रायव्हर इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्स जवळजवळ मांडीत घेऊन बसायचे. हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या त्याने इंजिन मागे असलेली गाडी आखली, १९७१ मध्ये तिच्यावर शर्यती जिंकल्या, आणि हळूहळू सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं.

मुद्दा मात्र तुमचाच खरा. ड्रॅगमध्ये फ्लायव्हील-क्लचचे तुकडे उडून इतकं नुकसान झालंय की तिकडे एसएफआय या सुरक्षा मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र नसलेलं फ्लायव्हील वेगवान गटात चालतच नाही. बदली फ्लायव्हीलसाठी त्यांचं १.१ क्रमांकाचं मानक आहे. वर बेल हाउसिंग, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीचं कवचही तुकडे अडवेल असं लावावं लागतं. आपलं बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं. ते काय अडवणार!

घाटमाथा | शनि, दुपारी ३:५५

नाना _/\_ दुरुस्ती मान्य.
एस्टीममध्ये इंजिन आडवं असतं ना? मग तुकडे कुठे जातील?

लेथमास्तर | शनि, संध्या. ५:२०

इंजिन आडवं म्हणजे फ्लायव्हील गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतं. तुकडा पुढे रेडिएटरकडे, वर बॉनेटकडे, खाली रस्त्यावर किंवा मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा). मागे फायरवॉल, ब्रेकच्या नळ्या आणि तुमचे पाय. जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, तिथे फ्लायव्हील गाडीच्या रुंदीत फिरतं आणि तुकडे ड्रायव्हरच्या आणि शेजारच्याच्या पायांच्या पातळीत सुटतात. दोन्हीत आवडीने निवडावं असं काही नाही.

सखू_दादरवाली | शनि, रात्री ९:००

मला यातलं काही कळत नाही, पण सासऱ्यांना ५८ किलो म्हणणारे काका कोण ते कळलं. वाचतेय.

काळीपिवळी | शनि, रात्री १०:१५

आमचे मामा पद्मिनी चालवायचे, काळी-पिवळी. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मुंबईतून कायमच्या गेल्या तेव्हा मामा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं असायचं की टॅक्सीला जड फ्लायव्हीलच हवं. पेडर रोडच्या चढावर चार पॅसेंजर आणि डिकीत सामान घेऊन ते रेस न देता नुसत्या क्लचवर गाडी उचलायचे. क्लच प्लेटचं आयुष्य बघून शेजारचे टॅक्सीवाले विचारायला यायचे. "इंजिनाला थोडा दम साठवून ठेवू दे" असं म्हणायचे.

अवांतर: बुलेटच्या ठोक्याचंही तेच ना? जुन्या कास्ट आयर्न इंजिनात भलंमोठं फ्लायव्हील, म्हणून इतक्या कमी आरपीएमला डुगडुग करत राहायची.

बुलेटवाला_बाळ्या | शनि, रात्री १०:२२

बुलेटचं नाव काढलंत म्हणून आलो. ठोका हे इंजिनाचं संगीत आहे, त्याला गणित लावू नका. बाकी चालू द्या.

अर्धा_क्लच | शनि, रात्री १०:४०

@काळीपिवळी, मामांचं म्हणणं मी रोज जेव्हीएलआरला अनुभवतो. वर रेवतीताईंनी फायदा मांडला, तोट्याचं गणितही तेच आहे. पहिल्या गिअरमध्ये जो दम काढून टाकला, तोच निघताना कामी येत होता.

वकील_वडाळा | रवि, सकाळी ९:३०

सकाळी सकाळी कायदा सांगतो, शिव्या नकोत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून १८२ए(४) आलं: परवानगी नसलेला प्रत्येक बदल ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

फ्लायव्हीलचं वजन आरसी बुकात नसतं आणि आरटीओचा इन्स्पेक्टर गिअरबॉक्स उतरवून बघणार नाही, हे मलाही माहीत आहे. मी विम्याकडे लक्ष वेधतोय. अपघात झाला, सर्व्हेअरने फुटलेलं बेल हाउसिंग उघडलं आणि आत तासलेलं फ्लायव्हील दिसलं, तर क्लेमची भांडणं काही वर्षं पुरतील. त्यात माझ्यासारख्यांचं घर चालतं, म्हणून करा असंही म्हणता येईल.

बोरिवली_फास्ट | रवि, सकाळी १०:०५

या हिशेबाने अलॉय व्हील आणि हॉर्न बदलणारी अर्धी मुंबई आत जाईल. असो. मी मत बदललेलं नाही, पण झेनवाल्याला गिअरबॉक्स उतरवून बघायला सांगितलंय. तो आता माझ्याशी बोलत नाही.

स्विफ्टची_स्वाती | रवि, सकाळी ११:४५

माझी बीएस-६ पेट्रोल स्विफ्ट आहे. नवऱ्याला हे सगळं वाचून उत्साह आलाय. चालेल का?

रेवती_मेक | रवि, दुपारी १२:३०

@स्विफ्टची_स्वाती, नवऱ्याला चहा द्या आणि गाडीची किल्ली लपवा.

नव्या गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये नीट न पेटणं, ओळखतो तो क्रँकच्या फिरण्यातल्या बारीक चढउतारांवरून. फ्लायव्हील हलकं झालं की ते चढउतार वाढतात, आणि सगळं ठीक असतानाही ईसीयूला मिसफायर वाटू शकतो. मग चेक इंजिनचा दिवा आणि पी०३०० हा मिसफायरचा कोड. काही इंजिनांत क्रँक सेन्सर ज्या दात्यांवरून वेळ वाचतो ते दाते फ्लायव्हीलवरच असतात. तिथे टूल लागलं की गाडी सुरूच होणार नाही.

तीन सिलिंडरवाल्यांनी तर लांबच राहावं. फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असंतुलित ठेवली आहेत, इंजिनाचं डुलणं खाऊन टाकायला. एखादा लेथवाला ते 'नीट बॅलन्स' करून देईल आणि गाडी पिठाच्या गिरणीसारखी थरथरेल.

डिझेलचं आणखी वेगळं. १९८५ मध्ये लूक (LuK) या जर्मन कंपनीने ड्युअल मास फ्लायव्हील उत्पादनात आणलं, आता बऱ्याच डिझेल गाड्यांत तेच असतं. दोन चकत्या, मध्ये स्प्रिंगा. ते तासायची वस्तूच नव्हे. खराब झालं की बदलायचं.

डोंबिवली_फास्ट_स्लो | रवि, दुपारी १:१०

बॅलन्सिंगचं कुणीच नीट सांगितलं नाही. आमच्या इथला लेथवाला दोन पट्ट्यांवर आडव्या दांड्याने ठेवतो, जड बाजू खाली आली की तिथे ड्रिल मारतो. पुरतं का तेवढं?

रेवती_मेक | रवि, दुपारी १:५०

नाही पुरत. बॅलन्सिंगच्या जी ६.३ या सर्वसाधारण दर्जाने मोजलं तर ६००० आरपीएमला पाच किलोच्या चकतीला परवानगी ५० ग्रॅम-मिलिमीटरची, म्हणजे कडेजवळ १२ सेंमीवर जेमतेम ०.४ ग्रॅम. पट्ट्यांवरचं घर्षणच तेवढं लपवतं. पाच ग्रॅमचा फरक राहिला तर ६००० ला जवळजवळ २४ किलोचा धक्का बसतो, प्रत्येक फेरीला, क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर.

डायनॅमिक मशीनवर, म्हणजे फिरवून तोल मोजणाऱ्या, करा, आणि प्रेशर प्लेट बोल्टने लावून करा. आधी फ्लायव्हील एकटं, मग प्लेटसकट. दोघांवर खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी प्लेट त्याच जागी बसेल. मशीनवाला नेहमी क्रँकशाफ्ट करणारा असावा.

लेथमास्तर | रवि, दुपारी ३:३०

ताईंनी म्हटलं त्यात भर. एकाची गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे कुठेतरी तासून घेतलेली. रिंग गिअर काढला होता आणि परत बसवताना गॅस वेल्डिंगच्या ज्वाळेने लालबुंद करून ठोकला होता. दात्यांचं पाणी उतरलं. स्टार्टरने काही महिन्यांत दाते खाल्ले. एका बाजूला तर रिंग कलली होती, चावी फिरवली की खर्रर्र.

रिंग गिअर सगळीकडून सारखा, २००-२५० अंशापर्यंत तापवायचा, ओव्हनमध्ये. आपोआप खाली बसला पाहिजे. हातोडी लागली म्हणजे कमी तापलाय. निळा-लाल झाला म्हणजे वाया गेला.

मुलुंडचा_मोटरमन | सोम, रात्री ९:४५

मंडळी, दोन दिवस शांतपणे वाचत होतो. मनापासून आभार. शनिवारी गिअरबॉक्स उतरला. मास्तरांचं वाचून मेकॅनिकला म्हटलं, आधी डीपी करून बघू. तो थोडा नाराज झाला, पण स्प्रे आणला.

फेसवर तीन-चार लाल दोरे उमटले. बहुतेक मधल्या भागात, आखूड. पण एक डॉवेल पिनकडे जाणारा आहे, नखाला लागतो. निळे डागही आहेत. बाबा अंबरनाथच्या चढावर हाफ क्लचवर उभे राहायचे, ते आता फ्लायव्हीलवर लिहिलेलं दिसलं.

मेकॅनिक म्हणतो, "फेस अर्धा मिमी मारला की रेषा जातील." काय करू? कुर्ल्यातून जुनं फ्लायव्हील मिळतंय. नव्याची चौकशी करतोय. एका मित्राने ईएन १९ पोलादाच्या फोर्जिंगमधून (ठोकून घडवलेल्या तुकड्यातून) हलकं बनवून घे म्हणून सांगितलं, बनवणारा पुण्यात आहे.

लेथमास्तर | सोम, रात्री १०:१०

नखाला लागणारी चीर अर्ध्या मिमीने जात नाही. वरून पुसली जाते, आत राहते. डॉवेलकडे जाणारी आहे म्हटल्यावर ते फ्लायव्हील स्टॉक वजनातसुद्धा परत बसवू नका. तासणं लांबच.

कुर्ल्याचं जुनं घेणार असाल तर स्प्रे खिशात घेऊन जा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

बोरिवली_फास्ट | सोम, रात्री १०:३०

ईएन १९ करा! एकदाच खर्च, पोलाद आहे, चार-साडेचार किलोत बसेल, मास्तरांचीही तक्रार नको. आणि वर्षातून एकदा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला चला.

लेथमास्तर | सोम, रात्री १०:४५

पोलादाला तक्रार नाही. करायचंच असेल तर हाच मार्ग, हे मान्य. फक्त गोल बार कापून नको, फोर्जिंगच घ्या, अल्ट्रासॉनिक रिपोर्ट मागा, आणि हीट ट्रीटमेंट कुठे केली ते लेखी घ्या. पुणेवाल्याकडे यातलं एक जरी नसेल तर फोन ठेवा.

अर्धा_क्लच | सोम, रात्री ११:००

मोटरमन, तुमचा रस्ता माझाच आहे म्हणून सांगतो. साडेचार किलो पोलादाचं घातलंत तरी कांजूरमार्गला सिग्नलवर बंद पडणारच. रेवतीताईंचे आकडे पुन्हा वाचा. ५८ किलोचा फायदा फक्त पहिल्यात, आणि जेव्हीएलआरला पहिल्यात तुम्ही पळत नसता, रांगत असता. त्या पैशात नवं स्टॉक फ्लायव्हील, पूर्ण क्लच किट, रिलीज बेअरिंग, इंजिन माउंट आणि चांगले टायर येतील. एस्टीम नऊशे किलोच्याही आतली गाडी आहे, मुळातच चपळ.

बोरिवली_फास्ट | सोम, रात्री ११:०५

म्हातारपणी असंच बोलतात.

अर्धा_क्लच | सोम, रात्री ११:०७

बंद पडलेल्या गाडीतून मागच्या रिक्षावाल्याला हात करून बघ, लगेच म्हातारा होशील.

मुलुंडचा_मोटरमन | बुध, रात्री ८:३०

नवं स्टॉक मिळालं, ऑपेरा हाउसच्या स्पेअरवाल्यांकडे फिरून. दुसऱ्या दुकानात सांगितलेली किंमत ऐकून पहिल्यात परत गेलो. तासत नाहीये. क्लच किट सोबतच घेतलं. मेकॅनिक म्हणतो जुने फ्लायव्हील बोल्ट चांगले आहेत, तेच लावू. लावू का?

लेथमास्तर | बुध, रात्री ८:५०

नाही. बोल्ट नवे, थ्रेड लॉक लावून, टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. पान्याच्या अंदाजाने नको. क्रँकचा बसायचा फेस कापडाने पुसून घ्या, एक कण अडकला तरी डायल हलतो. मागचं क्रँक सील याच वेळी बदला, गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला कुणी सांगितलंय. आणि जुनं फ्लायव्हील भंगारवाल्याला देताना त्यावर छिन्नीने मोठी फुली मारा. नाहीतर ते परत कुर्ल्यात दुकानात लागेल.

परळचा_पोपट | बुध, रात्री ८:५५

म्हणजे पोटाचे दोन किलो अजून तसेच आहेत तर.